रोज येते

ऑफिसात तिला सगळे चाळणीताई म्हणत, आणि तिला त्याचा राग नव्हता. कामच तसं होतं. संस्थेच्या बायका दारोदार फिरायच्या, कोण कसं जगतं, आजारी पडलं तर कुठे जातं, घरात कोण कोणाला बघतं हे विचारून फॉर्म भरायच्या, आणि ते सगळे फॉर्म शेवटी हिच्या कॉम्प्युटरवर येऊन पडायचे. एका घराची एक ओळ. त्या ओळींतले खडे वेचायचे, हे हिचं काम. बावीस वर्षं ती तेच करत होती. सात वर्षांच्या गृहस्थाला तीन नातवंडं निघाली की तिची नजर अडकायची. एका खोलीच्या घरात एकेचाळीस दिवे सापडले की ती फोन उचलायची. "अगं, हे घर आहे की थिएटर?" असं ती विचारायची, आणि पलीकडची बाई हसत हसत 'चार आहेत हो ताई, एक चुकून पडला' म्हणून कबूल व्हायची.

नव्यांना ती दोन नियम शिकवायची. पहिला, उत्तर आपल्या मनाने बदलायचं नाही. शंका आली तर शेऱ्याच्या रकान्यात खूण करायची, मग फॉर्म भरणारी पुन्हा त्या दारात जाऊन विचारेल. दुसरा नियम क्वचितच कामी यायचा. पाहणीत आपल्या नात्यातलं घर निघालं तर मॅडमना सांगायचं. ती ओळ दुसरं कोणी तरी तपासेल.

त्या वर्षीची पाहणी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची होती. अकरा गल्ल्या, चौदाशे दारं. शहराच्या आरोग्य खात्याने ती मागवली होती. घरोघर जाऊन मलमपट्टी करणाऱ्या, रक्तदाब बघणाऱ्या सिस्टर खात्याकडे मोजक्याच होत्या, आणि त्या कुठे पाठवायच्या हे अंदाजाने ठरवण्यापेक्षा विचारून ठरवू, असा चांगला विचार खात्यातल्या साहेबांनी केला होता. अकरांपैकी एक गल्ली चाळणीताईच्या वडलांची होती. पण गल्लीत दोनशे दारं, त्यातली निवडायची निम्मी. बाबांचं दार कशाला येतंय, असं म्हणून तिने तो विचार बाजूला ठेवला.

ओळ समोर आली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. नाव अर्थातच नव्हतं, नावं आधीच काढलेली असतात. पुरुष, वय एकोणऐंशी, विधुर. तिसरा मजला, लिफ्ट नाही. पूर्वीचं काम, वीजमंडळात लाइनमन. अपत्ये एक, मुलगी, याच शहरात. डायबेटिस, उजव्या पायाला जखम, सिस्टर आठवड्यातून दोनदा येते.

तिने खुर्ची पुढे ओढली.

प्रश्न एकतीस, मुलांपैकी कोणी भेटायला येतं का, किती वेळा? उत्तर, रोज येते. प्रश्न चौतीस, घरकामात अडचण? नाही. प्रश्न छत्तीस, जेवण कोण करतं? मुलगी. प्रश्न चाळीस, सिस्टर आली नाही तर पायाची पट्टी कोण बदलेल? मुलगी.

चाळणीताई त्या घरी जाऊन तेवीस दिवस झाले होते. मनात मोजले तेव्हा ते तेवीसच निघाले, दोनदा मोजले तरी. नवऱ्याचं गुडघ्याचं ऑपरेशन, मग ऑफिसातली ही घाई, मग सर्दी. फोन करायची ती. फोनवर बाबा म्हणायचे, मी मजेत आहे, तू तुझं बघ.

ओळीत एकही खडा नव्हता. खोटं बोलावं तर असं. एका उत्तराने दुसऱ्याचा पाय ओढला नव्हता. रोज येणारी मुलगी होती, म्हणून जेवण होतं, म्हणून पट्टी होती. कॉम्प्युटरला काही खटकलं नाही. खटकलं ते फक्त तिला, आणि तेसुद्धा तिने बाहेरून शोधून काढलेलं नव्हतं, आत माहीत होतं.

आता सरळ रस्ता एकच होता. उठायचं, शेजारच्या खोलीत जायचं आणि सांगायचं, मॅडम, हे माझ्या वडलांचं घर आहे आणि हे खरं नाही. मग तू किती वेळा जातेस, हा पुढचा प्रश्न मॅडमनी विचारला नसता, त्या तशा नव्हत्या. पण तो विचारल्यासारखा खोलीत उभा राहिला असता. जिने अख्ख्या ऑफिसाच्या चुका काढल्या, तिच्या म्हाताऱ्या बापाला परक्या बाईपुढे तिची लाज झाकावी लागली. चौदाशे ओळींत एक ओळ, तिने स्वतःला सांगितलं. समुद्रात एक थेंब. तिने 'तपासले'च्या चौकटीत खूण केली आणि पुढच्या ओळीवर गेली. पुढच्या ओळीतल्या आजीबाईंचं वय एकशे सत्तावन्न होतं. तिने फोन उचलला, पण या वेळी विनोद केला नाही.

रविवारी ती तीन मजले चढून गेली. बाबा खिडकीशी बसून बूट पुसत होते. गेल्या दोन वर्षांत तो बूट त्यांच्या पायात गेला नव्हता, पण पॉलिश चुकत नव्हतं. स्वयंपाकघरात पाव आणि अर्धं उकडलेलं अंडं झाकून ठेवलं होतं. ती भांडी घासायला लागली. पाठ त्यांच्याकडे होती म्हणून विचारणं सोपं गेलं.

"बाबा, कोणी प्रश्न विचारायला आलं होतं का?"

"आली होती की एक बाई. चांगली होती. धापा टाकत आली बिचारी, तिला पाणी दिलं. तासभर बसली." ते खुशीत होते. "सगळं विचारलं तिने. मी कोणत्या खांबावरून पडलो तेही सांगितलं."

"आणि माझ्याबद्दल?"

"तुझ्याबद्दल काय?"

"येते का, किती वेळा येते..."

बूट पुसणं थांबलं. "मग काय सांगू? परक्या बाईपुढे पोटच्या पोरीचं उणं काढू? तिने ते लिहून घ्यायचं, शिक्का मारायचा, आणि कुठल्या तरी कपाटात ते पडून राहायचं. मी असं करणारा माणूस नाही."

"पण बाबा, त्या माहितीवरून ते ठरवतात, कुणाला—"

"तुला काही त्रास झाला का त्याचा?"

"नाही."

"झालं तर मग." त्यांनी दुसरा बूट घेतला.

तेव्हा तिला बोलता आलं असतं. त्यांना समजावून, त्यांच्याकडूनच फोन करवून ओळ बदलून घेता आली असती. नंतर तिला वाटायचं, खरी चूक ऑफिसातल्या खुर्चीत झाली नाही, इथे झाली, या मोरीपाशी. ती घासलेली भांडी पालथी घालत राहिली.

अहवाल दोन महिन्यांनी बाहेर आला. मॅडमनी तो जीव ओतून लिहिला होता. आठव्या प्रकरणात त्यांनी पानभर बजावून सांगितलं होतं की म्हातारी माणसं आपली अडचण कमी करून सांगतात, मुलांबद्दल तर फारच, तेव्हा हे आकडे जपून वापरावेत. पण आठव्या प्रकरणापर्यंत जातो कोण? साहेबांच्या टेबलावर गेला तो चौदावा तक्ता. प्रत्येक गल्लीपुढे एक आकडा, शंभरातल्या किती जणांना घरचा आधार आहे. बाबांच्या गल्लीपुढे होतं शहात्तर. साहेबांनी तो आकडा सभेत वाचून दाखवला, दुसऱ्या दिवशी तो पेपरात आला, आणि महिनाभरात सात गल्ल्यांतल्या सिस्टर काढून शहराच्या कडेच्या पत्र्याच्या वस्त्यांत पाठवण्यात आल्या. तिथे गरज नव्हती असं कोणीच म्हणू शकलं नसतं. तिथे तर बाळंतिणींनाही बघायला कोणी नव्हतं.

परिपत्रक ऑफिसातल्या फळ्यावर लागलं. कोणीतरी पेढे वाटत असल्यासारखं तोंड करून म्हणालं, "बघा, आपलं काम पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडलं." चाळणीताईने सात गल्ल्यांची नावं वाचली. चौथं नाव वाचल्यावर ती खाली बसली.

त्या दिवशी ती ऑफिसातून थेट बाबांकडे गेली. "सिस्टर येतात ना?" तिने दारातच विचारलं.

"येते की," बाबा म्हणाले.

"बाबा."

"बरं, नाही येत. मी स्वतः करतो. चाळीस वर्षं तारा गुंडाळल्या, एक पट्टी गुंडाळता येणार नाही?"

पट्टी सैल होती आणि चुकीच्या जागी होती. कमरेत वाकून त्यांचा हात टाचेपर्यंत पोचतच नव्हता. चाळणीताईने औषधाच्या दुकानातून सामान आणलं, दुकानदाराकडून कसं करायचं ते शिकून घेतलं, आणि दर दोन दिवसांनी यायला लागली. सहा आठवडे तिने ते नेमाने केलं. बाबा या सहा आठवड्यांत तिच्याशी जितकं बोलले तितकं मागच्या सहा वर्षांत बोलले नव्हते. वादळात बंद पडलेल्या लाइनींबद्दल, तिच्या आईबद्दल, एकदा तर तिच्या लग्नाच्या वेळी आपण रडलो होतो त्याबद्दल. मग थंडी वाढली, नवऱ्याचा गुडघा सुजला, तिला स्वतःला ताप आला आणि ती आठ दिवस अंथरुणावर होती. रोज फोन करायची. मजेत आहे, तू तुझं बघ.

नवव्या दिवशी ती गेली तेव्हा दार उघडायला वेळ लागला. खोलीत वास होता. तिने पट्टी सोडली आणि करंगळी व तिच्या शेजारचं बोट काळं झालेलं बघितलं.

हॉस्पिटलात आधी बोटं काढली, चार दिवसांनी पाय गुडघ्याखाली. डॉक्टर तरुण होता आणि दमलेला होता. "आठवडाभर आधी आणलं असतं तर," तो म्हणाला आणि वाक्य तिथेच सोडून पुढच्या खाटेकडे गेला.

चाळणीताई दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेली, पर्स टेबलावर न ठेवताच मॅडमच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. ओळ, खूण, मोरीपाशी गिळलेलं बोलणं, पाय.

मॅडमनी गल्लीचे फॉर्म उघडले आणि एक हिशेब करून दाखवला. "तुझ्या वडलांचं उत्तर बदललं असतं तर शहात्तरचे पंचाहत्तर झाले असते. साहेबांची रेषा साठवर होती, त्याच्या वरच्या सगळ्या गल्ल्यांतून त्यांनी सिस्टर काढल्या. काही फरक पडला नसता."

"हे मला बरं वाटावं म्हणून सांगताय?"

"नाही. हे खरं आहे म्हणून सांगतेय. बरं वाटणार नाहीच." त्यांनी चष्मा काढला. "पण तू त्याच दिवशी आली असतीस तर मी विचारलं असतं, तुझे बाबा असं बोलले, तर बाकीचे? मी तेव्हा थांबले असते. अहवाल थांबवला असता. तुझी एक ओळ नव्हती ती. आम्हाला मिळायला हवा होता असा इशारा होता तो."

चाळणीताईला त्यांनी आरडाओरडा केलेला चालला असता. हे बोलणं नको होतं.

मॅडमनी फेरपाहणी करायचं ठरवलं. पैसे नव्हते, म्हणून फक्त बाबांच्या गल्लीतली चाळीस घरं. आधी ज्या बाईने फॉर्म भरले होते ती आणि चाळणीताई दोघी निघाल्या. बावीस वर्षांत चाळणीताई पहिल्यांदाच एखाद्या ओळीच्या दारात उभी राहत होती. जिने अंधारे होते, कठड्यांना हात लागून लागून रंग उडालेला होता. एका दारामागे रेडिओ मोठ्याने चालू होता आणि बेल वाजली तसा तो बंद झाला. दार उघडलंच नाही.

बाबांच्या समोरच्या खोलीतल्या आजीने साखळी लावूनच दार किलकिलं केलं. मागच्या फॉर्मवर तिने सांगितलं होतं, मुलगा दर आठवड्याला येतो.

"आजी, तेच प्रश्न पुन्हा विचारायचे होते," बाईने गोड आवाजात सुरुवात केली.

"मागच्या वेळी उत्तरं दिली तर सिस्टर गेली," आजी म्हणाली. "आता काय न्यायला आलात?"

"नाही हो, ती परत यावी म्हणूनच—"

"समोरचा लाइनमन कुठे आहे? पंधरा दिवस दिसला नाही."

बाईने चाळणीताईकडे पाहिलं. "हॉस्पिटलात आहेत," चाळणीताई म्हणाली. "मी त्यांची मुलगी."

आजीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू होय ती. रोज येणारी." तिच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि तेच वाईट होतं. खरंच तसं ऐकलं होतं तिने. मग तिने साखळी काढली. आत खुर्ची एकच होती. मुलगा दुसऱ्या देशात होता, अकरा वर्षं आला नव्हता. "तसं सांगितलं तर तुम्ही म्हणाल, पोराला वळण लावलं नाही," ती म्हणाली. बाईने ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

चाळीसपैकी सव्वीस दारं उघडली. सव्वीसपैकी सतरा जणांनी आपलं उत्तर बदललं. काही जण बोलता बोलता रडले, एक म्हातारा उलट चिडला आणि म्हणाला, माझी मुलं सोन्यासारखी आहेत, लिहा, सोन्यासारखी. त्याच्या टेबलावर चार दिवसांचे उष्टे कप होते. बाईने लिहिलं, सोन्यासारखी.

मॅडम आणि चाळणीताई ते सतरा घेऊन साहेबांकडे गेल्या. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने चहा मागवला, सगळं वाचलं, दोनदा वाचलं.

"मॅडम, शहात्तर हा आकडा तुमचाच ना?"

"आमचाच. त्याबरोबर आठवं प्रकरणही आमचंच होतं."

"मी तो सभेत वाचला. आता तुम्हीच म्हणता तो चुकला. उद्या मी उठून सांगितलं तर पहिला माणूस काय विचारेल? मग हा नवा तरी खरा कशावरून? आणि परवापासून कुठलीही पाहणी आणली की हसतील." त्याने कागद नीट जुळवून टेबलावर ठेवले. "शिवाय सिस्टर आता पत्र्याच्या वस्त्यांत रुळल्यात. तिथून काढून परत आणू? तिथल्या बायकांना काय सांगू, गल्लीतले म्हातारे खोटं बोलले होते म्हणून?"

"जादा सिस्टर नेमा."

"तुम्ही अर्ज द्या. मी पुढे पाठवतो." आणि थोडं थांबून, अवघडून, "पुढची पाहणी चार वर्षांनी आहे. तेव्हा प्रश्न बदलून विचारा."

अर्ज दिला. तो पुढे गेला, आणि गेला तो गेलाच. मॅडमनी अहवालाला दुरुस्तीची टीप जोडली. टिपेत एक वाक्य चाळणीताईने आग्रहाने घालायला लावलं, की तपासणीतल्या एका व्यक्तीला एक उत्तर खोटं असल्याचं माहीत होतं आणि तिने ते सांगितलं नाही. मॅडम नको म्हणत होत्या. वाक्य आल्यावर मात्र संस्थेला काहीतरी करणं भाग होतं, म्हणून तिला तपासणीवरून काढून जुन्या फॉर्मच्या गोदामात बसवलं. तिच्या जागी आलेला माणूस हुशार होता. जाता-येता तो तिला चाळणीताई म्हणायचा, पण बाकीच्यांनी ते नाव हळूहळू सोडलं.

बाबांना तिने घरी आणायची तयारी केली होती. बाहेरच्या खोलीत खाट लावली, मोरीला पकडायला दांडा बसवून घेतला. पण जखम भरेना. ताप उतरायचा आणि चढायचा. सातव्या आठवड्यात त्यांना बोललेलं नीट कळेनासं झालं. एकदा मात्र त्यांनी तिचा हात धरला आणि स्पष्ट विचारलं, "त्या बाईला काही अडचण नाही ना झाली, माझ्यामुळे?"

"कुठल्या बाईला?"

"लिहून घेत होती ती."

"नाही बाबा. तिने बरोबर लिहिलं होतं."

ते ऐकून त्यांचा चेहरा सैल झाला. दोन दिवसांनी, सकाळी, सिस्टर चादर बदलत असताना ते गेले. चाळणीताई तेव्हा खाली चहा घ्यायला गेली होती.

महिन्याच्या शेवटी खोली रिकामी करून द्यायची होती. तिने आणि नवऱ्याने भांडी, गादी, कपडे खाली नेले. नवरा लंगडत दोन फेऱ्यांतच थकला, तेव्हा तिने त्याला टेम्पोत बसवलं आणि शेवटचा केर स्वतः काढला. भिंतीवर जिथे पलंग होता तिथे डोक्याच्या तेलाचा डाग होता. तो पुसायला गेली तर पसरला, म्हणून तसाच ठेवला.

ती कुलूप लावत असताना समोरचं दार उघडलं. आजी भिंत धरून उभी होती.

"आता तू नाही यायचीस इकडे," आजी म्हणाली. ते विचारणं होतं की सांगणं, कळलं नाही.

चाळणीताईच्या ओठांवर 'येईन की' आलं होतं. नवऱ्याचा गुडघा, गोदाम, तीन मजले, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

"नाही आजी," ती म्हणाली. "नाही जमायचं."

आजीने मान हलवली. "बरं झालं सांगितलंस. नाहीतर मी वाट बघत बसले असते." तिने दार लावून घेतलं, साखळी अडकवल्याचा आवाज आला, आणि चाळणीताई केराची पिशवी घेऊन जिना उतरू लागली.